ईटच्या तळ्याकाठी बेघर

दोन दिवस काहीही करायचं नाही, असं मी ठरवलं.

आता, ठरवून काही न करणं आणि न ठरवता काही न करणं यात फरक आहे. न ठरवता तर मी आमच्या कार्यालयात गेली कित्येक वर्षं काही करत नाही, असं साहेबांचं मत आहे. (माझ्याविषयी साहेबांचा अभ्यास दांडगा आहे. इतर कुठल्याच विषयात त्यांनी इतकं लक्ष घातलेलं नाही.) पण ठरवून काही न करण्याला हल्ली 'रिलॅक्स होणं' म्हणतात आणि त्याला एक गाडी व एक तळं लागतं, हे मला मोबाईलनं शिकवलं.

व्हिडिओ साधाच होता. एक पांढऱ्या दाढीचा माणूस गाडीचं मागचं दार उघडतो. समोर तळं. आतून त्याची बायको कॉफीचे दोन मग घेऊन येते. दोघं पाण्याकडं बघत बसतात. कुणीच काही बोलत नाही. शेवटी खाली अक्षरं येतात, 'घर म्हणजे चार भिंती नव्हेत.' हे मी इतक्यांदा पाहिलं, की मोबाईल मला आपणहून दुसऱ्या दाढीवाल्यांच्या दुसऱ्या गाड्या दाखवायला लागला.

बायकोला, म्हणजे चैतालीला, मी तो व्हिडिओ दाखवला. तिनं तो शेवटपर्यंत शांतपणे पाहिला आणि ही माणसं संडासला कुठं जातात, एवढंच विचारलं. याचं उत्तर व्हिडिओत नव्हतं.

पण चैताली थकलेली होती. ती शाळेत शिकवते, म्हणजे अधूनमधून शिकवते. उरलेल्या वेळात ती पोरांची वजनं मोबाईलमध्ये भरते, खिचडीचे फोटो पाठवते, घरोघर जाऊन कसली कसली सर्वेक्षणं करते. दिवसभर कुणीतरी तिला 'मॅडम, जरा एक मिनिट' म्हणत असतं. ती म्हणाली, "जिथं कुणी पाहुणा येणार नाही, जिथं मला कुणी काही विचारणार नाही, अशा ठिकाणी नेत असाल तर येते."

मी शब्द दिला. शब्द देताना मी छातीवर हात ठेवला होता, हे तिनं नंतर बऱ्याच जणांना सांगितलं.

राहिली आई. माझी आई बनाबाई. तिला एकटीला घरी ठेवायचं नव्हतं. मी तिला समजावून सांगितलं, की आपण तळ्याकाठी गाडीतच राहायचं, गाडीतच झोपायचं, बाहेर दगडावर बसून चहा प्यायचा. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या मनाला आलंय तर चल. म्या काय बोलू?" यात नाराजी असावी असं मला वाटलं नाही. मला बऱ्याच गोष्टी वाटत नाहीत.

गाडी मिळाली तुळजापूरच्या गौरीशंकरकडं. त्याचं लॉज आहे. सोलापूरहून येणाऱ्या भक्तांना वर्षानुवर्षं वाहून दमलेला एक टेम्पो त्यानं रिकामा केला, आत पलंग बसवला, गॅसची शेगडी लावली, इवलंसं बेसिन बसवलं, छताला रंगीत दिव्यांची माळ सोडली आणि त्याला कॅम्परव्हॅन म्हणायला सुरुवात केली. बाहेर ओढून बांधायला एक कापडी छप्पर होतं. ते लग्नाच्या मांडवाच्या कनातीतून कापलेलं होतं आणि त्याच्या कडेला अजून 'शुभ' एवढंच शिल्लक होतं.

"साहेब, हिच्यात बसलं की माणूस घरदार विसरतो," किल्ली देताना गौरीशंकर म्हणाला. तो स्वतः हिच्यात कधी राहिलाय का, असं मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, की त्याला घर आहे.

शनिवारी सकाळी आम्ही ईटच्या तळ्याकडं निघालो. जाताना येडशीच्या पुढं, रामलिंगच्या जंगलाजवळ, मी गाडी थांबवली. खरं तर थांबायचं काही कारण नव्हतं, पण व्हिडिओतला दाढीवाला अधूनमधून थांबतो आणि कंबरेवर हात ठेवून झाडांकडं बघतो. मी कंबरेवर हात ठेवला. माझ्या मागून एक माकड गाडीत शिरलं आणि खाण्याची सगळी पिशवी घेऊन गेलं. ब्रेड, पास्ता, कॉफी. रामलिंगची माकडं भक्तांच्या नारळावर वाढलेली आहेत, त्यांना पास्ता नवीन होता. एक म्हातारं माकड ते पाकीट उन्हाकडं धरून निरखत बसलं. चैतालीनंही बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तुलना करत असावी.

चहापत्ती, साखर आणि दुधाची पिशवी तेवढी शेगडीच्या कप्प्यात होती म्हणून वाचली. ईट मोठं गाव आहे, तिथं दुकानं आहेत, तिथून काही घ्यावं असं चैताली म्हणत होती. पण ईट हे आईचं माहेर. तिचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे कोंडिबा मामा, तिथंच राहतात. गावात शिरलो असतो तर मामांकडं जेवल्याशिवाय सुटका नव्हती. मी म्हणालो, दिलेला शब्द म्हणजे शब्द, आणि गाव टाळून शेतातल्या वाटेनं गाडी तळ्यावर नेली.

तळं खरंच सुरेख होतं. यंदा पाऊस भरपूर झालेला, पाणी काठोकाठ. पलीकडं बगळे. अलीकडं हिमतीनं उभी असलेली ज्वारी, कणसं भरलेली. वाऱ्याला संक्रांतीनंतरचा तो मऊपणा. मी कनात ताणून बांधली. चैतालीनं प्रवासात सांडलेल्या पाण्यात भिजलेल्या चादरी आणि आईचं लुगडं दोरीवर वाळत घातलं. आई थोडं लांब एका दगडावर आमच्याकडं पाठ करून बसली. मी मागचं दार उघडलं, जुनी लुंगी नेसलो आणि पाण्याकडं बघायला लागलो.

माझ्या अंदाजानं मी चांगला पंधरा मिनिटं रिलॅक्स होतो. आयुष्यात नंतर कधी कुणी विचारलं तर सांगता येईल.

मग ज्वारीतून एक गृहस्थ बाहेर आले. धोतर, टोपी, हातात विळा. शेत त्यांचंच होतं. नाव हिंमतराव. त्यांनी राम राम केला, मी नमस्कार केला, आणि पुढचं बोलणं मी शब्दशः देतो, कारण नंतर जे घडलं त्याची सगळी जबाबदारी या बोलण्यावर आहे.

"कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"धाराशिव."

"इकडं काय काम काढलं?"

"काम नाही. कामातून सुटलोय."

हिंमतरावांनी विळा खाली ठेवला. "मंग उतरलाव कुठं?"

"इथंच. आता ही गाडी हेच घर."

"आन् तिथलं घर?"

"चार भिंतींत काय ठेवलंय, दादा? आलो सोडून."

"कवर ऱ्हायाचा इचार हाय?"

"मन रमेल तोवर," मी म्हणालो आणि पाण्याकडं बघितलं.

हिंमतरावांनी एकदा ती अर्धी कनात पाहिली. दोरीवरच्या चादरी पाहिल्या. पाठ करून बसलेली म्हातारी पाहिली. पेटत नसलेल्या शेगडीशी डोळ्यांत पाणी आणून झटणारी चैताली पाहिली. (गॅसच्या वासाचं पाणी होतं ते. निदान मी तरी तसंच धरून चाललोय.) मग माझी लुंगी पाहिली. त्यांचा आवाज एकदम खाली आला. आम्ही काही खाल्लंय का, असं त्यांनी विचारलं. मी हसून म्हणालो, "सगळं माकडानं नेलं." ते मान हलवत निघून गेले. माझ्या जीवनविषयक विचारांचा त्यांच्यावर परिणाम झालाय, असं मला वाटलं. परिणाम झालाच होता.

थोड्या वेळानं त्यांच्या पत्नी धुरपदाबाई आल्या. डोक्यावर टोपलं, त्यात भाकरी, पिठलं, ठेचा, वर कांदे. आम्ही तिघंही उपाशी होतो, त्यामुळं ज्या वेगानं आम्ही जेवलो त्यावरून धुरपदाबाईंना जे समजायचं ते समजलं. त्यांनी चैतालीला जरा बाजूला घेतलं आणि काय अडचण झाली म्हणून हळूच विचारलं. चैताली माझ्यावर चिडलेली होती. ती म्हणाली, "ह्यांच्या मनात आलं, निघालो. आमचं कोण ऐकतंय?"

धुरपदाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्या आईजवळ जाऊन बसल्या. आईनं आपण ईटच्याच असल्याचं सांगितलं, भावाचं नाव सांगितलं. एवढं पुरे होतं. हिंमतराव आणि आमचे मामा एका शाळेत होते, आणि हिंमतरावांकडं मामांचा नंबर होता.

मामा आले ते जीप भरून आले. स्वतः मामा, मामी, मामांचा मुलगा अमरदीप, शिवाय ज्यांना मी ओळखत नव्हतो पण जे मला लहानपणी खेळवल्याचं सांगत होते असे बरेच जण. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर विनातिकीट माणसं पकडल्यामुळं समोरचा खोटं बोलतोय हे गृहीत धरूनच ते कुणाकडंही बघतात. मी "जय भीम, मामा" म्हणून वाकलो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच ठेवला.

"राजपाल," ते म्हणाले, "काय झालं ते नीट सांग. घर गेलं का?"

मी म्हणालो, घर आहे. मग इथं का, असं त्यांनी विचारलं. आरामासाठी, मी म्हणालो. घरात पलंग आहे का? आहे. पंखा? आहे. मग आराम तिथं का होत नाही, या प्रश्नाला मी जरा अडखळलो. ते अडखळणं लोकांनी पाहिलं. मागून कुणीतरी कुजबुजलं, की हल्ली मोबाईलवर रमी खेळून चांगल्या चांगल्या नोकरदारांची घरं गेलीत.

मामांनीही ते ऐकलं. "मोबाईलचा काही प्रकार आहे का?"

"तसं बघितलं तर मोबाईलमुळंच," मी प्रामाणिकपणे म्हणालो. "रात्र रात्र बघत होतो. शेवटी राहवलं नाही, गाडी काढली आणि आलो."

मामी डोळ्यांना पदर लावून चैतालीकडं गेल्या. चैताली एकदाच्या पेटलेल्या शेगडीवर सगळ्यांसाठी चहा टाकत होती, कारण माणसं आल्यावर दुसरं काय करायचं असतं? बेसिनचं पाणी संपलं होतं, ती तळ्यावरून कळशी भरून आणत होती. मामींनी तिच्या हातातली कळशी घेतली आणि म्हणाल्या, की पोरी, तू खचू नकोस. चैतालीनं माझ्याकडं कळशीवरून एक नजर टाकली. ती नजर मी आजही सविस्तर वर्णन करू शकतो, पण करणार नाही.

आता आम्हाला न्यायचं कुणी, यावर चर्चा सुरू झाली. मामा म्हणाले, मागची खोली रिकामी आहे, बहीण माझी आहे, माझ्याकडं चला. हिंमतराव म्हणाले, माझ्या बांधावर उतरलेला माणूस आहे, शेतातल्या आखाड्यावर पत्र्याची खोली आहे, लाईट आहे, पोरगं सावरेपर्यंत राहू दे. मामा म्हणाले, तुमचे उपकार आहेत पण नातं आमचं आहे. हिंमतराव म्हणाले, नातं तुमचं पण भाकरी आधी आमची पोचली. दोघंही भली माणसं, पण भलेपणात हरायला कुणीच तयार नव्हतं. पोरगं, म्हणजे मी, केस पांढरे व्हायला लागलेलं पोरगं, मधे लुंगी धरून उभं होतं. मला घर आहे हे मी मधूनमधून सांगत होतो. त्यावर लोक प्रेमानं 'असू दे, असू दे' म्हणत होते.

अशा वेळी बजरंगराव आले. जवळच्या वस्तीवरच्या ग्रामपंचायतीत त्यांच्या पत्नी सरपंच आहेत. बाईंना आम्ही शेवटपर्यंत पाहिलं नाही. कारभार बाई बघतात आणि बजरंगराव बाकीचं बघतात, असं त्यांनीच सांगितलं. बाकीचं म्हणजे ग्रामपंचायत. पांढरे कपडे, गॉगल, बरोबर फोटो काढणारे दोघं. त्यांच्या गाडीत कायम चार-दोन ब्लँकेटं असतात, कारण प्रसंग सांगून येत नाही. माझी परिस्थिती त्यांनी मला विचारली नाही, तिचा अभ्यास ते येतानाच करून आले होते. पुढच्या घरकुलाच्या वेळी तुमचं बघू, असं त्यांनी मला आश्वासन दिलं आणि एक ब्लँकेट उलगडलं.

ब्लँकेट एक, देणारे पाच. घेणारा मी. "जरा खाली बघा," फोटोवाला म्हणाला. मी खाली बघितलं. "तसं नाही. दुःखी." मी चैतालीकडं बघितलं आणि फोटो पहिल्या झटक्यात चांगला आला.

माझ्या अंगावर ते ब्लँकेट घालून झाल्यावर बजरंगराव आईकडं वळले. तिला दगडावरून उठवून फोटोत घ्यावं, असा त्यांचा विचार होता. आई उठली नाही. आतापर्यंत ती कुणाशी फारसं बोललेलीच नव्हती. आता ती बोलली, आणि हळू आवाजात बोलली, त्यामुळं सगळ्यांना गप्प बसावं लागलं.

"घर हाय आमाला," ती म्हणाली. "पक्कं हाय. सून मास्तरीन हाय, पोरगं हापिसात हाय. त्याला हौस आली म्हनून त्यो इथं घिऊन आला. आन् म्या तरनी व्हते तवा ह्येच्या बापासंगं ऊस तोडाया जायाची. नदीकाठाला पाचटाची कोपी. हे पोरगं त्याच कोपीत रांगलं. तवा खरंच घर न्हवतं. तवा कुनी फोटू काढाया आलं न्हाय बाबा."

बजरंगरावांनी गॉगल काढला, पुसला आणि परत घातला. व्हिडिओत असते तशीच शांतता होती ती, फक्त मला तिचा आनंद घेता येईना. मी आईजवळ जाऊन बसलो. हे तू मला आधी का नाही सांगितलंस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, की तू कधी सोतासाठी सुट्टी मागितल्याचं म्या बघितलं न्हाय, पहिल्यांदा मागितलीस, मग मोडता कशाला घालू. आणि कोपीत तू रोज रात्री रडायचास, आता रडतोस का ते तरी बघावं म्हटलं.

इथं मला खरंच रडू आलं असतं. पण ब्लँकेट अंगावर होतं, आणि फोटोवाला अजून गेला नव्हता.

मी उठलो आणि ब्लँकेट घडी करून बजरंगरावांना परत दिलं. झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. त्यांनी ते घेतलं नाही. मोबाईल पुढं केला. गावच्या, तालुक्याच्या आणि आणखी कुठल्या कुठल्या ग्रुपवर फोटो जाऊन पोचला होता. वर लिहिलं होतं, 'बेघर कुटुंबास मायेची ऊब'. खाली अंगठे आणि हात जोडलेले. माझे गाल फोटोत ओढल्यासारखे दिसत होते, हे मात्र मला बरं वाटलं.

"आता फोटो गेलाय," बजरंगराव मला एका बाजूला घेऊन म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा वाटला. "लोकांनी लई चांगलं म्हटलंय, साहेब. तुमी एवढं करा. आजच्या दिवस गरीबच ऱ्हावा."

मी विचार केला. माणूस अडचणीत होता. मी हो म्हणालो.

ते गेले, आणि मग खरी मजा सुरू झाली, म्हणजे इतरांची. आम्ही बेघर नाही म्हटल्यावर हिंमतरावांच्या मनावरचं ओझं उतरलं. त्यांनी शेतात आगटी पेटवली, ज्वारीची कणसं भाजली, धुरपदाबाईंनी शेंगदाण्याची चटणी आणि दही आणलं. मामांची माणसं गोल करून हुरडा चोळायला बसली. अमरदीप गाडीतल्या पलंगावर आडवा झाला आणि घोरायला लागला. मामी पाण्यात पाय सोडून बसल्या. एकूण तळ्याकाठी सगळे रिलॅक्स होते. चैताली चहाची भांडी घासत होती, कारण ती गाडीची आणि म्हणून आमची होती, आणि मामांच्या ओळखीच्या एक बाई तिला 'मॅडम, जरा एक मिनिट' म्हणून आपल्या नातवाच्या शाळेच्या दाखल्याबद्दल विचारत होत्या.

मी मदतीला गेलो. ती म्हणाली, नको, तुम्ही आराम करा. हे वाक्य इतक्या थंड आवाजात म्हणता येतं, हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजायला लागला. फोटो आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पोचला होता. कुणीतरी 'आम्ही सोबत आहोत' लिहिलं होतं. कुणी नुसतेच हात जोडले होते. एकानं मला ती खिडकीजवळची खुर्ची अजून लागणार आहे का, असं वेगळ्यानं विचारलं होतं. साहेबांचाही निरोप होता. त्यांनी लिहिलं होतं, 'तुमचं कामाकडं लक्ष का नसायचं ते आज समजलं. मी उगाच बोलत होतो. काळजी घ्या.' इतक्या वर्षांत साहेब माझ्याशी इतकं चांगलं बोललेले नव्हते. खरं काय ते कळवायला मी बोट पुढं केलं आणि मग बोट मागं घेतलं. (बजरंगरावांना शब्द दिला होता. शब्द म्हणजे शब्द.)

उन्हं कलल्यावर आम्ही आवरायला घेतलं. रात्री इथं राहायचं नाही, यावर आई आणि चैताली यांचं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकमत झालं. मामांचा निरोप घ्यायला गेलो, तर मामा बरोबर यायला निघाले होते. मी म्हणालो, मामा, आईनं सांगितलं ना सगळं. ते म्हणाले, सांगितलं, पण तुझी आई आहे ती, तुझी बाजू घेणारच. पुण्यापासून फोन यायला लागलेत. उद्या गावात लोक विचारतील, तर घर डोळ्यांनी बघून आलो असं म्हणता यायला पाहिजे. मामा म्हणाले म्हणून मामी निघाल्या. मामी निघाल्या म्हणून त्यांच्या दोन बहिणी निघाल्या. हिंमतरावांनीही टोपी सारखी केली. भाकरी आधी त्यांची पोचली होती, तर शेवट बघायचा त्यांचा हक्कच होता.

अमरदीप बाकीच्यांना जीपमधून गावात सोडायला गेला, म्हणून कॅम्परव्हॅनमध्ये कसं बसायचं ते मामांनी ठरवलं. दारात उभं राहून त्यांनी माणसं आत सरकवली, पलंगावर चार, बेसिनपाशी दोन, उभे राहणाऱ्यांनी वरच्या दिव्यांच्या माळेला धरायचं. सगळे आत गेल्यावर त्यांनी कंडक्टरच्या सवयीनं पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि मी गाडी सोडली. गौरीशंकरचा टेम्पो इतक्या माणसांनी एकदम खूश झालेला दिसला. सकाळपासून कुरकुरणारं इंजिन परतीच्या सबंध वाटेत एकदाही कुरकुरलं नाही.

धाराशिवला पोचल्यावर मी कुलूप उघडून घर दाखवलं. मामांनी प्रत्येक खोलीत जाऊन दिवा लावून बंद केला. नळ सोडून पाहिला. भिंतीवर हात फिरवला. हिंमतराव गच्चीवर जाऊन आले आणि म्हणाले, घर चांगलं आहे, हवा पण आहे. मग मामा माझ्या पलंगावर बसले, गादी दाबून पाहिली आणि पंखा लावायला सांगितलं. थोडा वेळ ते पंख्याकडं बघत राहिले.

"राजपाल," ते म्हणाले, "आराम हितं होतोय की रे." आणि आडवे झाले.

जेवणं झाली. स्वयंपाक किती जणांचा आणि कुणी केला, हे सांगायची गरज नाही. घरात जिथं माणूस आडवं होऊ शकतं तिथं एक माणूस आडवं झालं. मी अंथरूण घेऊन हॉलमध्ये गेलो, तर हॉल भरलेला. स्वयंपाकघराच्या दारापाशी गेलो, तर चैतालीनं आतून विचारलं, काय पाहिजे. मी काही नाही म्हणालो, आणि ते ब्लँकेट घेऊन खाली गाडीत जाऊन झोपलो. ऊब चांगली होती, बजरंगरावांच्या मालाला नाव ठेवता येणार नाही.

सकाळी गाडीच्या पत्र्यावर कुणीतरी टकटक केलं. दार सरकवलं, तर समोरच्या शिवलीलाकाकू हातात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा मागं वळून आमच्या घराकडं पाहिलं, एकदा गाडीकडं पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "संसारात व्हतं असं. बायकांचा राग लई दिवस ऱ्हात न्हाय. वर जावा, आन् आधी माफी मागा."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. मग आदल्या दिवशी समजावून सांगितल्याचं काय झालं ते आठवलं आणि मुकाट चहा प्यायलो. वर गेलो. चैताली ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी म्हणालो, "माफ कर."

तिनं मागं वळून बघितलं, मान हलवली आणि कणकेचा डबा माझ्याकडं सरकवला. कशाबद्दल, हे तिनं विचारलंसुद्धा नाही.